पेरलेल्या घराचा जून

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. उन्हामुळे. पुण्या-नाशिकची पोरं जूनच्या मध्याला वर्गात बसलेली असतात तेव्हा आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शाळेच्या कुलपाला हात लावला तर चटका बसतो. कितीतरी वर्षं २६ जून ही आमची ठरलेली तारीख होती. अलीकडे ती मागेपुढे होते. २०२४ साली १ जुलै झाली, २०२५ साली २३ जून. बाहेरच्यांना वाटतं, चला, दहा दिवसांची सुट्टी जास्त मिळाली. त्या दहा दिवसांत काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. ७ जूनच्या सुमाराला मृग लागतो. पाऊस वेळेवर आला तर शाळेची पहिली घंटा होईपर्यंत सोयाबीन, तूर, कपाशी जमिनीत गेलेली असते. म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, सगळंच गेलेलं असतं. आणि पाऊस लांबला तर पैसा कनवटीलाच राहतो, पण तो बियाण्याचा असतो, सुटत नाही. दोन्हीकडून पोरगं पाटी मागतं तेव्हा घरात पाटीपुरतं काही नसतं.

"बाई, पेरलेल्या घराला काही मागू नये," गुरुजी म्हणायचे. "त्यानं आधीच देऊन ठेवलेलं असतं."

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा, २००३ साली, शिक्षणसेवक होते. तीन वर्षं महिना ३,००० रुपये मानधन, तेही वेळेवर पडेलच याची खात्री नाही. मेहकर तालुक्यातलं गाव, पैनगंगेच्या खोऱ्यातलं, दोन खोल्यांची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे, आणि चारी वर्गांच्या मध्ये एक दार. मुख्याध्यापकपदही तेच सांभाळायचे. गाव त्यांना गुरुजी म्हणे आणि मला मॅडम. गुरुजी मात्र मला पहिल्या दिवसापासून बाई म्हणाले. डी.एड.ला मला पाठटाचण, घटक नियोजन, मूल्यमापन सगळं शिकवलं होतं. पैसे नसताना जून कसा काढायचा, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

गुरुजींचा जून अक्षय तृतीयेला सुरू व्हायचा. त्या दिवशी आमच्या जिल्ह्याचं लक्ष जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळकडे असतं. तिथे शेतात घट मांडतात. खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, पान-सुपारी आणि भोवती अठरा धान्यं. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय भिजलं, कुठला दाणा घटाबाहेर पडला ते पाहून वाघ महाराजांचे वंशज पीकपाण्याचं भाकीत सांगतात. पेपरात ते ठळक छापून येतं. गुरुजी अंधश्रद्धेवर दर वर्षी एक तास घ्यायचे, आणि भेंडवळचं भाकीत दर वर्षी मन लावून वाचायचे. "खरं-खोटं सोडा. पण ज्यांच्या घरी मला जायचंय ते हेच वाचून बसलेत," असं त्यांचं म्हणणं. भाकीत वाईट असलं की गावात माणसं हात आखडता घेतात, सावकाराकडचे फेरे वाढतात, एखादा बैल विकायला निघतो. मग गुरुजी आपली मांडणी करायला बसायचे. पाठकोऱ्या कागदावर चाळीस-पंचेचाळीस घरं, आडनावांशिवाय. कडुनिंबाजवळचं घर. टाकीमागचं घर. दोन म्हशींचं घर. पुढे बारीक अक्षरात: पाटी आहे, लेखण नाही. दप्तर मोठीचं येईल. वडील आजारी, विचारू नये.

हे "विचारू नये" त्या कागदावर बऱ्याच ठिकाणी असायचं.

मे महिन्यात दाखलपात्र मुलांच्या पटनोंदणीला आम्ही घरोघर जायचो. सरकारी काम; कोणाचं पोरगं सहा वर्षांचं झालं ते लिहून आणायचं. गुरुजी त्या निमित्तानं ओट्यावर बसायचे, गूळ घातलेला कोरा चहा घ्यायचे आणि पाऊण तास तुरीच्या भावावर बोलायचे. तुम्हाला काय हवं-नको ते त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांचे डोळे मात्र सारखे फिरत. खुंटीवर कोणाचा सदरा आहे, तो धाकट्याच्या अंगावर येईल का. दिवळीत लेखणींचे तुकडे आहेत का. मोठ्या बहिणीची पाटी चौकटीतून निघालीय का. बाहेर पडलं की मला सांगायचे आणि मी टिपून घ्यायची. एकदा मी म्हणाले, गुरुजी, सरळ विचारलं तर वेळ वाचेल. ते म्हणाले, "विचारलं की तो 'सगळं आहे' म्हणेल. मग द्यायची पंचाईत."

लग्नसराई हा गुरुजींच्या कागदखरेदीचा हंगाम. खरेदी कसली, फुकटच. एप्रिल-मे संपता संपता गावातल्या प्रत्येक घरी तारेत नाहीतर खिळ्यात लग्नपत्रिकांची चळत टोचलेली असायची. लग्न होऊन गेलं की पत्रिकेला कोण विचारतो? गुरुजी विचारायचे. मुहूर्त कसा झाला, जेवणावळीत काय होतं अशी चौकशी करत ती चळत पिशवीत घालायचे. पत्रिकेचा कागद जाड, एक अंग कोरं, आणि रंग असे की दुकानात कार्डशीट घ्यायला गेलं तर मिळणार नाहीत. शेंदरी, पोपटी, दुधावर हळद पडावी तसा पिवळा. गुरुजींच्या घरी, मेहकरला, ओसरीत बसून आम्ही त्यांचे शब्दपट्टे कापायचो. काकूंचा, म्हणजे गुरुजींच्या बायकोचा, एकच नियम होता: गणपतीवर कात्री चालवायची नाही. त्यामुळे प्रत्येक पत्रिकेचा गणपतीचा तुकडा अख्खा राहायचा आणि त्याच्या मागे आपोआप ठरलेला शब्द यायचा, 'गणपती'. असे गणपती ढिगानं झाले. गुरुजी म्हणाले, असू द्या, हा शब्द कोणाला चुकायला नको.

बोरूनं, काळ्या शाईनं ते कोऱ्या बाजूवर शब्द लिहायचे. कमळ. नळ. बदक. वखर. डवरा. पुस्तकात नसलेले पण पोरांच्या अंगणात असलेले शब्द मुद्दाम घालायचे. झालं असं की पोरं पट्टी उलटून मागचंही वाचायला लागली. पहिलीतली एक मुलगी 'बदक'पाशी अडायची आणि पट्टी उलटून 'चि. सौ. कां.' बिनचूक म्हणायची. दुसरा एक जण पत्रिकांच्या मागून गावं शिकला: लोणार, डोणगाव, जानेफळ, अंढेरा. त्याला नकाशा दाखवायची गरजच पडली नाही, आपल्या गावाच्या पोरी कुठे कुठे दिल्या ते त्याला पट्ट्यांवरून पाठ होतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी पट्टी उलटली आणि वाचत राहिले. आपल्याच नात्यातलं लग्न निघालं.

दशक-एककाला तुराटी. तुरीची काढणी झाली की काड्या बांधावर पडलेल्याच असतात, चुलीत जायच्या. त्यातल्या सरळ, बोटभर जाडीच्या काड्या निवडायच्या, वीतभर कापायच्या, टोकं दगडावर घासून बोथट करायच्या म्हणजे पोरांना टोचत नाहीत. दहा काड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठ्याला रबर विकत आणायचं नाही. पंक्चरवाल्याकडून सायकलची फाटकी ट्यूब आणून तिच्या आडव्या चकत्या कापायच्या. ती चकती वर्षभर तुटत नाही. हातच्याची वजाबाकी शिकवताना पोरगं ती चकती काढतं, गठ्ठा सुटतो, काड्या पसरतात, आणि 'दशक सुटला' म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळतं. आज मला याच कामासाठी प्लॅस्टिकचे ठोकळे मिळालेत, पेटीसकट. चांगले आहेत. पण दहा ठोकळ्यांचा दशक एकसंध येतो, तो सुटतच नाही. ही तक्रार मी प्रशिक्षणात मांडली होती.

सरकारी साहित्य तेव्हाही नव्हतं असं नाही. १९८७च्या खडू-फळा मोहिमेतून आलेली एक लोखंडी पेटी आमच्या शाळेत होती. भिंग, लोहचुंबक, तराजू, वजनमापं. बऱ्याच शाळांत अशा पेट्या कुलपातच राहिल्या, कारण वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढलेली. मोडली तर शिक्षकानं भरून द्यायची. आमच्या पेटीतलं भिंग फुटलेलं होतं आणि नोंदवहीत त्यापुढे गुरुजींच्या अक्षरात लिहिलेलं होतं: वापरताना फुटले. एवढंच. वसुली झाली की नाही ते मी विचारलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खामगाव. घाटावरून घाटाखाली उतरलं की उकाडा दुप्पट होतो आणि भाव जरा कमी. खामगाव चांदीचं आणि कापसाचं गाव म्हणून लोकांना माहीत. आमच्यासाठी ते पाट्यांचं. आसपासच्या तीन-चार शाळांच्या मास्तरांची वर्गणी एकत्र करून गुरुजी ठोक माल उचलायचे: खडूची खोकी, लेखणींचे डबे, सुतळी, फळ्याचा रंग, गेरू. पाट्या मात्र एकेक बघून घ्यायचे. पत्र्याची पाटी फुटत नाही, पण दोन महिन्यांत तिचा काळा उडतो आणि अक्षर राखेत लिहिल्यासारखं दिसतं. म्हणून पहिलीला खापरीच. दुकानदार गठ्ठा पुढे करायचा आणि गुरुजी खाली बसायचे. डाव्या हाताच्या तळव्यावर पाटी आडवी, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर तिच्या मध्यावर, एक टिचकी. टण्ण वाजली तर इकडे. आवाज बसका आला तर आत चीर आहे, तिकडे. मग चौकटीचे चारही कोपरे दाबून बघायचे, पत्र्याची पट्टी वर आलेली असेल तर ती दगडानं ठोकून बसवून द्यायला लावायचे, बोट कापेल म्हणून. दुकानदार म्हणायचा, गुरुजी, मटका घेता का पाटी? गिऱ्हाईक खोळंबायचं. एसटीत त्या पाट्या मांडीवर. वर टपावर टाकू द्यायचे नाहीत.

वह्यांचं काम त्याआधीच, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी उरकलेलं असायचं. पोरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून घ्यायची, आखणीप्रमाणे लावायची, दाभणानं आणि सुतळीनं शिवायची. वर सिमेंटच्या पोत्याच्या आतल्या खाकी कागदाचं कव्हर. चौथीतून जाणाऱ्यांनी पहिलीत येणाऱ्यांसाठी एक वही शिवून ठेवायची, असा रिवाज. पुस्तकं सर्व शिक्षा अभियानातून मोफत यायला लागली होती. गणवेश काहींना मिळायचा, काहींना नाही. वही, पाटी, लेखण हे मात्र कोणत्याच योजनेत नीट बसत नव्हतं.

आता पैशाचं. सादिलवार खर्चाला जे यायचं त्यात खडू आणि हजेरीपट भागायचे. शैक्षणिक साहित्यासाठी दर शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये होते, आमचे दोघांचे मिळून हजार, आणि ते बहुधा संक्रांतीच्या सुमाराला हातात पडत. जूनची गरज जानेवारीत भागते म्हणजे उधारी आली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींना हजेरीमागे दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा. वर्षाचे दोनशेच्या आसपास होत. ते वाटप झालं की गुरुजी त्या आयांना एकेकीला सांगायचे, पोरीचा रुपया पोरीलाच, जूनसाठी डब्यात टाका. काही टाकायच्या. बाकी सगळं गुरुजींच्या पगारातून. मी मानधनातून काही द्यायला गेले तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. "तुमचं अजून घर उभं राहायचंय."

त्यांचं कुठे उभं राहिलं होतं? हे मला काकूंनी सांगितलं, गुरुजी बाहेर गेले असताना, भाकरी थापता थापता. गुरुजींची नोकरी १९७३ची. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. त्यानंतर मास्तरकी लागली म्हणजे घरात राज्य आलं. मग १९७७च्या डिसेंबरात सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप झाला, ५४ दिवस चालला. घरात साठा नव्हताच. उन्हाळ्यापर्यंत वाण्याची उधारी कशीबशी फिटली आणि समोर जून. "तवा माह्या दोन पाटल्या गेल्या," काकू म्हणाल्या. "संपात नाही गेल्या, बाई. संपात मी विकू देल्या नाहीत. जूनमंदी गेल्या. पोट्ट्यायच्या पाट्यायसाठी. मले म्हने, दिवाळीले सोडवतो. कोनती दिवाळी, ते काही बोलले नाहीत." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी पाणी फिरवलं. "आता तूच सांग. शाळा सरकारची, लेकरं गावची, आन् पाटल्या माह्या काहून?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि गुरुजींकडेही नसावं. त्यांचा मुलगा मेहकरच्या हायस्कुलात शिवलेल्या वह्या घेऊन जायचा आणि वर्गात त्याला हसत. मास्तराचा पोरगा आणि पोत्याच्या कागदाचं कव्हर. तो आता पुण्याला असतो, चांगला आहे. पण वडिलांच्या शाळेविषयी कोणी कौतुकानं बोलायला लागलं की उठून बाहेर जातो. मी पाहिलंय. आपल्याकडे पदरमोड करणाऱ्या शिक्षकावर कौतुकाचे लेख येतात, सत्कार होतात. त्या लेखांत पदर कोणाचा मोडला ते सहसा लिहिलेलं नसतं.

गुरुजींच्या मांडणीचा एक भाग मला पहिल्या वर्षी कळलाच नव्हता. आणलेल्या मालातला काही हिस्सा ते कपाटाच्या खालच्या खणात वेगळा ठेवायचे आणि त्याला हात लावू द्यायचे नाहीत. पाट्या, लेखणी, शिवलेल्या दोन-चार वह्या, एक जुनं पुस्तक, अशा कापडी पिशव्या. जुलैत पाट्या कमी पडल्या तरी तो खण बंद. दिवाळी झाली आणि गावातल्या काही घरांना कुलपं लागायला लागली. ऊसतोडीला, वीटभट्टीला. आमच्या घाटावरच्या तालुक्यांतून माणसं जातात, पोरं बरोबर जातात, आणि फाल्गुन-चैत्राशिवाय परतत नाहीत. ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी त्या पिशव्या घेऊन जायचे. आत एक चिठ्ठी असायची, ज्या गावाला मुक्काम पडेल तिथल्या गुरुजींना: हा मुलगा दुसरीत आहे, जोडाक्षरं आली आहेत, हातच्याची बेरीज येते, कृपया बसू द्यावे. खाली सही आणि शाळेचा शिक्का. पुढे सरकारनं अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं, हंगामी वसतिगृहं काढली. त्यातली बरीचशी कल्पना आमच्या कपाटाच्या खालच्या खणात आधीपासून होती, असं मी म्हटलं तर कोणी रागावू नये.

आणि तो अंदाज जूनमध्ये. कोण जाईल, कोण राहील, पाऊस पडायच्या आधी. कोणाचं कर्ज किती, कोणाच्या विहिरीला पाणी किती, कोणाच्या घरी म्हातारी आहे जिच्याजवळ पोरगं ठेवता येईल. पिशव्या कधी उरल्या तर गुरुजींना आनंद व्हायचा. कमी पडलेल्या मी एकदाच पाहिल्या. त्या वर्षी त्यांनी शाळेतल्या वाटलेल्या पाट्यांतून काढून दिल्या आणि पोरांना दोघांत एक पाटी करून बसवलं.

२००९ साली ते निवृत्त झाले. त्यानंतरही दर जूनला मी मेहकरला जायची, यादी दाखवायची. माझी बदली झाली, दुसरी झाली, गावं बदलली, पोरं बदलली, ते न पाहिलेल्या गावाच्या यादीवरही बोट ठेवायचे: "इथं दोन भावंडं आहेत आणि दप्तर एकच लिहिलंय. एक सकाळी आणि एक दुपारी येणार आहे का?" २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ते गेले. बुलढाण्याला नेलं होतं. आम्हा कोणाला शेवटचं बघता आलं नाही, जसं त्या महिन्यात कितीतरी घरांना आलं नाही. त्या जूनला वर्गही भरले नाहीत. शिक्षकांनी शाळेत यायचं आणि पोरांनी मोबाइलवर शिकायचं, असं ते वर्ष. पहिलीच्या पोरांना पहिलं अक्षर काचेवर दिसलं. मी यादी केली नाही. कोणासाठी करायची आणि कोणाला दाखवायची, दोन्ही प्रश्न एकदमच आले होते.

दिवाळीत काकूंकडे गेले. मनात होतं की त्या मांडणीचे कागद, निदान एखादा, मागून घ्यावा. काकूंनी सहज सांगितलं, मुलगा आला होता, घर आवरलं, सगळी रद्दी देऊन टाकली. किलोवर. त्यात हिशेबाच्या वह्या होत्या, पत्रिकांचे पट्टे होते, टाचणवह्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. चाळीस वर्षं घरात जागा अडवून बसलेला कागद एकदाचा गेला, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात काय चुकलं? गुरुजी स्वतःच रद्दीवाल्याचे जुने गिऱ्हाईक. चहा घेऊन मी निघाले.

ऑनलाइन बदल्यांत २०२३ साली मला फिरून तीच शाळा मिळाली. आता मी मुख्याध्यापक, पगार सातव्या वेतन आयोगाचा, शाळेला रंग, फरशी, वर्गात टीव्ही. शंभरच्या आतल्या पटाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकतं. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर, मग वीजबिल, दुरुस्ती, स्टेशनरी. गुरुजींना हा आकडा सांगितला असता तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. फक्त आता पोरं नाहीत. सकाळी पारावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि ज्या घरांपुढे गुरुजी "दप्तर मोठीचं येईल" असं लिहायचे, त्या घरांतली नातवंडं टाय लावून तीत चढतात. त्यांच्या आईबापांना मी नावं ठेवणार नाही. एक एकर विकून फी भरणारा माणूस पोराच्या वाईटावर नसतो. पण पट विसाच्या खाली आला की आमच्या पोटात गोळा येतो. २०१७ साली कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला होता, मग २०२३ साली समूह शाळांची चर्चा झाली. दर जूनला शाळा उघडायची तयारी करताना ती बंद न पडण्याचीही तयारी करावी लागते. गुरुजींच्या काळी हे एक काम कमी होतं.

मध्ये दोन वर्षं सरकारनं दुसरीपासून आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली, वहीचा खर्च वाचावा म्हणून. मग तो निर्णय २०२५ साली मागे घेतला. ती पुस्तकं पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला गुरुजींना फोन करावासा वाटला. फोनमध्ये नंबर होताच. खाकी कव्हर तेवढं राहिलं बघा गुरुजी, असं काहीतरी सांगितलं असतं.

या जूनला शाळेत जी पोरं आहेत ती गुरुजींच्या यादीतल्या "विचारू नये" घरांची. ज्यांना पिवळी गाडी परवडत नाही, ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर जातात, आणि समृद्धी महामार्गाच्या कामाला आलेलं, काम संपल्यावरही राहिलेलं एक परप्रांतीय कुटुंब. त्यांच्या मुलीला मराठी येतं आणि आईला नाही. अनुदान शाळेला आहे. पोराच्या हातातल्या पाटीसाठी त्यात शीर्ष शोधावं लागतं, आणि दिवाळीनंतरच्या पिशवीसाठी ते सापडत नाही. गुरुजींनी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी तसं करायचं नाही असं ठरवलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी यादी ठेवली: खापरी पाट्या, लेखणी, वह्या, आणि बाहेरगावी जाणाऱ्या मुलांच्या पिशव्या. अंदाजे खर्च बाराशे रुपये, लोकवर्गणीतून. नावं नाहीत, नुसते आकडे.

समितीत गुरुजींचा एक विद्यार्थी आहे. स्वतःचा ट्रॅक्टर आहे त्याचा, पेरणीच्या धबडग्यातून सभेला आला होता, पायाला माती. यादी वाचून म्हणाला, "मॅडम, गुरुजींच्या टाइमाले तं असा ठराव कधी आला नाही. पोट्टे तवा साठ-सत्तर होते. मंग हे सगळं त्याहिनं कशातून भागवलं?"

मी म्हणाले, "काकूंच्या पाटल्यांतून."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग शेजारच्याला म्हणाला, बाराशे नको, दोन हजार लिही. शेजारचा म्हणाला, पेरणी झालीय, आत्ता कुठून आणायचे? बराच वाद झाला. शेवटी पंधराशेवर ठरलं. निम्मे आत्ता, निम्मे सोयाबीन निघाल्यावर.